तीनदा मोडलेलं साक्षगंध

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तीनदा मोडलं. तिन्ही वेळा मीच मोडलं, आणि तिन्ही वेळा एकाच माणसाबरोबरचं. ते गृहस्थ आत्ता मागच्या अंगणात खुर्ची टाकून संत्री सोलत बसले आहेत, आणि मी काय लिहून राहिले ते बघायला दर दहा मिनिटांनी उठून येतात. म्हटलं, तुमचीच बदनामी लिहिते आहे, बसा तिकडे. तर म्हणतात, तारखा मला विचारून टाक, तुझ्या चुकतील. मी तारखा टाकणारच नाही. आमच्या घरात तारखांचा सगळा ठेका विलासरावांकडे आहे. त्या त्यांच्या वहीत आहेत, आणि ती वही या प्रकरणात येणारच आहे.

आमचं घर म्हणजे ढाब्याच्या पाठीला चिकटलेल्या चार खोल्या. कारंजा घाडगेपासून हाकेच्या अंतरावर, नागपूर-अमरावती रस्त्याला लागून. पुढे बाबांचा ढाबा, मागे आम्ही. थांबलेला ट्रक सहा चाकी की दहा चाकी हे मी ब्रेकच्या आवाजावरून सांगायची, आणि एअर ब्रेकची फुस्स ऐकली की आईचे हात आपोआप कणकेच्या परातीकडे जायचे. सकाळी तर्रीचं पातेलं चढायचं, लालभडक, वर बोटभर तवंग. पोहे खाणारा माणूस पहिल्या घासाला खोकला नाही तर बाबांना वाटायचं आज तिखट बिघडलं. दुपारी पाटवडी रस्सा. आईच्या हातची पाटवडी खायला लोक आर्वीहून गाडी काढून यायचे आणि घरी सांगायचे की कामाला गेलो होतो. भांड्यांचा, हॉर्नचा, टेपरेकॉर्डरचा, बाजूच्या टायरवाल्याच्या हातोड्याचा असा गलका दिवसभर असायचा, की आमच्या घरात कुणी हळू बोललं तर बाकीचे विचारायचे, बरं नाही का?

या गलक्यात मी वाढले आणि मला तो फार आवडायचा. महिन्यातले तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात तोच गलका माझ्या कवटीत घुसायचा. मला दर महिन्याला एक आठवडा यायचा, लोकांना ताप येतो तसा. कुणी चहात चमचा फिरवला तरी मला त्या चमच्याचा जीव घ्यावासा वाटायचा. एकदा बाबांनी जेवताना मीठ मागितलं, एवढंच, तर मी मिठाची बरणी अंगणात नेऊन आपटली, आणि मग सांडलेल्या मिठाकडे बघून तासभर रडले, की त्या मिठानं कोणाचं काय वाईट केलं होतं. बाबा दारात उभे. त्यांच्या हातात पोळीचा तुकडा तसाच होता.

आता हे लिहिताना मला हसू येतं, आणि येऊ द्यावं असं मी ठरवलं आहे, कारण तेव्हा पुष्कळ रडून झालं. पण एक गोष्ट हसून सांगता येत नाही, ती सरळ सांगते. त्या आठवड्यात मला वाटायचं की मी या घराला लागलेली कीड आहे, आणि मी नसले तर सगळे सुटतील. नुसतं वाटायचं नाही, खात्री असायची. हे मी कुणाला बोलले नाही. काय बोलणार? चार दिवसांनी मलाच ते खोटं वाटायचं.

कारण चार दिवसांनी मी बाहेर बसायची. आमच्याकडे पाळी आली की बाईनं मागच्या खोलीत बसायचं, चार दिवस कशाला हात लावायचा नाही. त्या खोलीत थंड बाटल्यांचे रिकामे क्रेट, जुनी मासिकं आणि एक खाट. बाकीच्या बाया तिथं वैतागायच्या, आणि मी म्हणजे सुटीवर! सकाळी पाळी आली की दुपारपर्यंत माझ्या डोक्यातला कलकलाट कुणीतरी बटण दाबल्यासारखा बंद व्हायचा. भूक लागायची. पोह्यांची ताटली लांबून सरकवली की मी ती तर्रीसकट चाटून पुसून खायची, क्रेटवर ताल धरून गाणी म्हणायची, स्वतःच्याच आठवड्यावर हसायची. आईला वाटायचं पोरगी कामचुकार आहे, आधी तमाशा करते आणि मग आराम मिळाला की खूश. दोन गोष्टी एकमेकींना लागून होत्या, पण त्यांची गाठ कुणी घातली नाही. घरात त्या विषयाला तोंडच नव्हतं.

गाठ घातली ती कमलाआत्यानं, आणि भलत्याच ठिकाणी घातली. आत्या बाबांची थोरली बहीण. तिला सासरच्यांनी लग्नानंतर दोन वर्षांत पेटीसकट माहेरी आणून सोडलं होतं. कारण विचारलं की घरात एकच शब्द ऐकू यायचा, स्वभाव. तो स्वभाव आम्ही कधी पाहिला नाही. आम्हाला ती पापड लाटणारी, उपास करणारी, शिस्तीची बाई म्हणूनच माहीत. तर मिठाची बरणी फुटली तो दिवस संकष्टी चतुर्थीचा होता. पुढच्या महिन्यात मी टायरवाल्याशी त्याच्या हातोड्यावरून भांडले, तीही संकष्टी. आत्यानं निकाल दिला की पोरीवर गणपतीचा कोप आहे. माझी पाळी तिसाव्या दिवशी ठरलेली, आणि संकष्टीही तितक्याच दिवसांनी येते, त्यामुळे गणपती बिचारा महिनोन्‌महिने माझ्या आठवड्यात सापडत राहिला. आत्या मला दर संकष्टीला बसनं केळझरच्या गणपतीला न्यायची. मी उपाशी, चिडलेली, बसच्या खिडकीला डोकं टेकून. आत्या देवाला सांगायची की हिला शांत कर, आणि मी सांगायची की हिला गप्प कर.

ढाब्याच्या गल्ल्यामागं कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्यावर आत्या छापलेलं गणपतीचं चित्र बघून वर्षाच्या सगळ्या संकष्ट्यांना लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवायची. हळूहळू ते गोल काय आहेत हे गिऱ्हाइकांनाही कळलं. त्या दिवशी मला कुणी चहा मागायचं नाही. अमरावतीकडून येणारा एक सरदारजी ड्रायव्हर तर दाराशीच थांबायचा आणि बाबांना विचारायचा, "भाईसाब, आज चौथ तो नहीं है?" नाही म्हटलं तरच दाल फ्राय सांगायचा. संबंध हायवेला माझी चतुर्थी पाठ होती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर विलासरावांचं स्थळ आलं. पुलगावजवळच्या नाचणगावचे. काम गाईंचं, मोटारसायकलवर गावोगाव जाऊन गाई फळवायचे, म्हणजे कृत्रिम रेतन करायचे. आमच्या भागातली गवळाऊ गाय, पांढरी, उभ्या चेहऱ्याची; तिच्याबद्दल हा माणूस पहिल्याच भेटीत पंधरा मिनिटं बोलला, माझ्याकडे न बघता. मला ते इतकं आवडलं की मी आत जाऊन आईला सांगितलं, हाच पाहिजे. साक्षगंध झालं. अंगठी बोटात जरा सैल होती, तर मी आतून दोरा गुंडाळला आणि दिवसभर हात हलवत फिरले. नंतर ते आठवड्याला एकदा ढाब्यावर फोन करायचे. बोलणं काय, तर आमच्याकडे आज एक कालवड झाली. आणि मी रिसीव्हर धरून लाजायची!

पहिल्यांदा मोडलं ते विलासराव फोनवर "हो का" म्हणाले म्हणून. मी काहीतरी सांगत होते, ते म्हणाले हो का, आणि मला लख्ख दिसलं की या माणसाला माझी काडीची किंमत नाही. मी म्हटलं, मले तुमच्याशी लग्न कराचं नाई, आणि फोन ठेवला. आठवड्याभरात मीच फोन करून हसत हसत माफी मागितली. दुसऱ्या महिन्यात ते भेटायला आले असता पोहे खाताना हसले. कशाला हसले ते आठवत नाही, पण मी भर ढाब्यात सांगितलं की हे जमणार नाही. बाबांनी कपाळाला हात लावला. आत्यानं कॅलेंडर दाखवलं की बघा, चतुर्थी. विलासराव मान डोलवून निघून गेले, आणि मी सहाव्या दिवशी पुन्हा फोन केला.

तिसऱ्या महिन्यात मला ताप आला, चांगला दहा दिवस. तापातून उठते तो संकष्टी. सगळं घर पाय न वाजवता चालत होतं. आणि काय, काहीच झालं नाही! मी आपली मजेत, उपास केला, चंद्र बघून जेवले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गणपती पावला म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी ढाब्यात आल्यागेल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला, सरदारजीला दोन. त्या तापानं माझी पाळीच लांबवली होती हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बरोबर दहा दिवसांनी, कॅलेंडरवर साधा काळा आकडा असलेल्या एका सरळ दिवशी, मी बोटातली अंगठी काढली, गोरसपाकाच्या, म्हणजे वर्ध्याच्या तुपाळ बिस्किटांच्या, रिकाम्या डब्यात घातली, डब्याला सुतळी बांधली आणि तो पुलगावला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरला दिला. नाचणगावात देजो म्हटलं. त्यानं बिचाऱ्यानं इमानदारीनं पोचवला. विलासरावांच्या आईनं गोरसपाक म्हणून डबा उघडला.

तिकडून निरोप आला की रविवारी येऊन साड्या आणि नारळ परत करतो. आता हे खेळणं राहिलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी मागच्या खोलीत बसले, दुपारपर्यंत डोकं स्वच्छ झालं, आणि मला कळलं की मी काय करून बसले. यावेळी गाणी सुचली नाहीत. मला तो माणूस हवा होता. पण कुठल्या तोंडानं मागू? पुढच्या महिन्यात मी पुन्हा तेच करणार नाही असं मीच मला सांगू शकत नव्हते. आत्याचा गणपती सुटला होता आणि त्या जागी आता एकच शब्द उरला होता, स्वभाव, आणि तो तिच्या ओळखीचा होता. पापड लाटताना ती आईला म्हणाली, "पोट्टीचं माह्यावानी होते का बाप्पा." मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं.

शनिवारी सकाळी मोटारसायकल थांबली. विलासराव एकटे आले होते. बाबांनी त्यांना गल्ल्याजवळच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि तंदूर बघायला गेले. मागच्या खोलीचं दार ढाब्याकडे उघडायचं, त्याला नुसता पडदा होता. मी पडद्याला डोळा लावला. विलासराव कॅलेंडर बघत बसले होते. मग त्यांनी खिशातून वही काढली. त्या वहीत कोणती गाय कोणत्या तारखेला माजावर आली, कधी फळवली, परत कधी बघायची, सगळं असायचं. ते वहीत बघायचे, कॅलेंडरवर बघायचे. असं बराच वेळ चाललं. बाबा परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाबूजी, हे काजळाचे टिपके कायचे हायत?"

इथं सांगायला हवं. लाल गोलांशिवाय कॅलेंडरवर आत्याचं आणखी एक काम असायचं. घरात कोण कधी बाहेर बसलं हे ध्यानात ठेवल्याशिवाय पापड-कुरडयांचा दिवस धरता यायचा नाही, म्हणून ती काजळाचं बोट लावून ठेवायची. आईचं आणि आत्याचं थांबलं होतं, म्हणजे टिपके सगळे माझे. लागोपाठ चार, दर महिन्याला चार. हे फक्त बायांना माहीत. आणि माझे वडील, वीस वर्षं त्या कॅलेंडरखाली बसलेला माणूस, पूर्ण विश्वासानं म्हणाले, "ते सिलिंडरचे हायत."

विलासरावांनी पुन्हा वहीत बघितलं. फार अदबीनं विचारलं, "लागोपाठ चार दिवस सिलिंडर येते का, बाबूजी?"

मला आवरलंच नाही. मी पडद्यामागं फुटले. क्रेटवर बसले होते, तो क्रेट उलटला, बाटल्या गडगडल्या, आणि माझं हसू थांबेना. तिकडे आईनं पदर तोंडात कोंबला होता. आत्या पोळपाटावरून ओरडली, कुंदे, गप बैस. विलासरावांना तोवर उत्तर मिळालं होतं. ते कानापर्यंत लाल झाले, पण उठले नाहीत. खाली मान घालून, वहीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. तीनदा मोडलं त्या तिन्ही तारखा त्यांनी लिहून ठेवल्या होत्या, का तर त्यांना लिहायची सवय. तिन्ही तारखांपासून चार-पाच दिवसांत पहिला टिपका होता. लाल गोल दोनदाच जवळ होता, तिसऱ्यांदा दहा दिवस लांब. गणपतीचं काही नाही, म्हणाले. मग धीर करून म्हणाले की गाईचं एकवीस दिवसांचं असतं, आणि एखादी गाय त्या दिवसांत दाव्याला हिसके देते, तेवढ्यावरून मालक तिला विकून टाकत नाही. बाबा पुन्हा तंदूर बघायला गेले.

मी पडदा बाजूला केला आणि बाहेर आले. टिपक्याचा दुसरा दिवस होता, ढाब्यात चार गिऱ्हाइकं होती, आत्याच्या हातातलं लाटणं पडलं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. गाय म्हटल्याचा राग यायला हवा होता, पण मला इतकं हलकं वाटत होतं की मी उडालेच असते. कुणीतरी पहिल्यांदा माझा आठवडा आणि मी, असे दोन वेगळे धरले होते. तरी विचारलंच, "पुढच्या महिन्यात अजून मोडलं तर?"

"मोडजा," विलासराव म्हणाले. "मी तारीख लिहून ठेवीन. आठ दिवसानं येईन."

त्यांनी पिशवीतून गोरसपाकाचा डबा काढून बाकावर ठेवला. तो रिकामा नव्हता, अंगठीसोबत दोन गोरसपाकही होते. मग ढाब्याच्याच फोनवरून त्यांनी घरी सांगितलं, उद्या येऊ नका. सरदारजी त्या दिवशी तिथं नव्हता याचं मला अजून वाईट वाटतं.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात मला आई आणि आत्या घेऊन गेल्या, वहीतून उतरवलेल्या तारखा घेऊन. बाई डॉक्टर वयानं लहान होत्या. त्यांनी तारखा बघितल्या, सगळं ऐकलं आणि साध्या आवाजात विचारलं, "त्या दिवसांत मरावंसं वाटतं का?" आईसमोर मी हो म्हटलं. आईनं माझा हात धरला, तो परत बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. डॉक्टर म्हणाल्या, हे वेड नाही, नाटक नाही, आणि स्वभाव तर नाहीच. पाळीआधी प्रत्येक बाईच्या अंगात बदल होतात; काही जणींच्या मेंदूला तेच बदल सहन होत नाहीत, आणि पाळी आली की त्रास उतरतो. आजाराला नाव आहे, औषधही आहे. पण आधी दोन महिने रोज लिहायचं, झोप, राग, रडू, मरायचा विचार, म्हणजे खात्री होईल. आणि तो विचार जोर धरू लागला तर तारखेची वाट न बघता निघून यायचं. मी लिहिलं. मग गोळ्या सुरू झाल्या. जादू झाली नाही. आठवडा येतच राहिला, पण दार वाजवून येऊ लागला, आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा आवाज ओळखू येऊ लागला. लग्नानंतर मी आणखी चारदा नवरा सोडला. प्रत्येक वेळी वहीत नोंद आहे. आता पाळी जाऊन मला काही वर्षं झाली, आणि माझी भाची हेच सगळं मोबाइलवर बोटानं टिपते. तिला मी काजळाची गोष्ट सांगितली तर म्हणते, मावशी, बॅकअप तुम्ही कुठं घेत होते?

वर्ध्याहून येताना कमलाआत्या बसमध्ये खिडकीकडे बघत बसली होती. लग्नाआधी एका दुपारी विलासराव याद्या करायला आले होते, मी त्यांना पाटवडी वाढत होते, तेव्हा ती पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"जवाई," तिनं विचारलं, "मांगचं मोजता येते का?"

"किती मांगचं, आत्याबाई?"

"पस्तीस वर्सं." ती बोटं धरून सांगू लागली. सासरी तिनं दुधाचा गंज, भरलं पातेलंच, भिंतीवर फेकला, तो सोमवार. मंगळवारी त्यांनी तिला पेटीसंगं गाडीत बसवलं. बुधवारी ती इथं पोचली. "न् शुक्रवारी मी या मांगच्या खोलीत बसलती. लय हासली मी त्या दिवशी. मले खूप हलकं वाटे. माय म्हणे, नवऱ्यानं टाकली न् हासते काऊन? मले सांगता नाई आलं."

ढाब्यात टेपरेकॉर्डर वाजत होता. विलासरावांनी ताट बाजूला सरकवलं, हात पुसले आणि वहीत कोरं पान काढलं. वर लिहिलं, कमलाआत्या. खाली सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शुक्रवारच्या पुढे त्यांनी पेन टेकवून एक ठळक टिपका दिला आणि वही तिच्याकडे फिरवली. आत्याला वाचता येत नव्हतं. तिनं पिठाचं बोट टिपक्यावर ठेवलं, तिथून उलटं मोजत सोमवारपर्यंत नेलं, आणि मग इतक्या मोठ्यानं हसली की तंदूरजवळचे बाबा धावत आले.